फुटबॉल प्रशिक्षकाचा करार : मुदतवाढ केव्हा द्यावी?

फुटबॉल क्लबच्या कारभारात खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची चर्चा सर्वाधिक होते. संचालक मंडळाची खरी कसोटी मात्र प्रशिक्षकाचा करार वाढविण्याच्या वेळी लागते. इंग्लंडमध्ये संघाच्या मुख्य प्रशिक्षकास 'मॅनेजर' म्हणतात. संघनिवड, सराव, डावपेच आणि अनेक ठिकाणी नव्या खेळाडूंच्या निवडीतही त्याचा शब्द महत्त्वाचा असतो. त्याच्याशी नवा करार केव्हा करावा, याचा अंदाज चुकल्यास काय होते, हे मँचेस्टर युनायटेड या क्लबने २०२४ मध्ये अनुभवले.

२०२३-२४ च्या हंगामात युनायटेडला प्रीमियर लीगमध्ये आठव्या स्थानावर समाधान मानावे लागले. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाल्यापासूनची ही क्लबची तोपर्यंतची सर्वात खालची क्रमवारी होती. मात्र २५ मे २०२४ रोजी एफए चषकाच्या अंतिम सामन्यात संघाने मँचेस्टर सिटीचा २-१ असा पराभव केला. त्यानंतर जुलैमध्ये मॅनेजर एरिक टेन हाग यांचा करार २०२६ पर्यंत वाढविण्यात आला. चार महिन्यांच्या आत, २८ ऑक्टोबर रोजी, त्यांना पदावरून दूर करण्यात आले. टेन हाग व त्यांच्या सहकाऱ्यांना निरोप देण्यापोटी क्लबच्या हिशेबात सुमारे १ कोटी ४ लाख पौंडांचा खर्च नोंदविला गेला.

करार कशासाठी?

प्रशिक्षकाचा करार ठरावीक मुदतीचा असतो. मुदतीपूर्वी त्याला काढल्यास क्लबला उर्वरित काळाचे वेतन किंवा करारात ठरलेली भरपाई द्यावी लागते. मुदत जितकी लांब, तितकी ही जबाबदारी मोठी.

करारामुळे क्लबचेही संरक्षण होते. दुसऱ्या क्लबला प्रशिक्षक हवा असल्यास त्याला भरपाई मोजावी लागते. टेन हाग यांच्या जागी रुबेन आमोरिम यांना आणताना युनायटेडने पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबला १ कोटी १० लाख युरो दिले. करार संपलेला प्रशिक्षक मात्र विनामूल्य जाऊ शकतो.

याशिवाय करारातून खेळाडूंना एक संदेश मिळतो. खेळाडू स्वतः अनेकदा तीन ते पाच वर्षांसाठी करारबद्ध होतात. पुढील वर्षी प्रशिक्षक कोण असेल हेच ठाऊक नसल्यास नवा खेळाडू येण्यास कचरतो आणि जुन्यांवरील प्रशिक्षकाचा वचक कमी होतो.

विलंबाची किंमत

याचे ठळक उदाहरणही युनायटेडचेच आहे. १९८६ पासून संघाची धुरा सांभाळणारे सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी २००२ मध्ये निवृत्त होण्याचा मनोदय एक हंगाम आधीच जाहीर केला होता. १९९९, २००० आणि २००१ असे सलग तीन वेळा लीग विजेता ठरलेला संघ त्या हंगामात तिसऱ्या स्थानावर घसरला व एकही चषक मिळवू शकला नाही. फेब्रुवारी २००२ मध्ये फर्ग्युसन यांनी निर्णय बदलून नवा करार केला. पुढच्याच वर्षी लीगचे विजेतेपद परत आले आणि ते २०१३ पर्यंत पदावर राहिले. आगाऊ घोषणा ही चूक होती, असे त्यांनी नंतर मान्य केले.

घाईचा फटका

उतावळेपणाही तितकाच महाग पडतो. डिसेंबर २०१८ मध्ये ओले गुन्नार सोल्शियर यांच्याकडे युनायटेडची सूत्रे हंगामी स्वरूपात देण्यात आली. हंगाम संपेपर्यंत थांबण्याची मुभा असतानाही, पहिल्या १९ पैकी १४ सामने जिंकताच मार्च २०१९ मध्ये त्यांना तीन वर्षांचा करार देण्यात आला. त्या हंगामातील उर्वरित दहा सामन्यांपैकी संघाला दोनच जिंकता आले. जुलै २०२१ मध्ये करार पुन्हा वाढविण्यात आला आणि नोव्हेंबरमध्ये सोल्शियर यांना जावे लागले.

न्यूकॅसल युनायटेडने तर २०११-१२ मधील पाचव्या क्रमांकावर खूश होऊन अ‍ॅलन पार्ड्यू यांना तब्बल आठ वर्षांचा करार दिला. पुढच्याच हंगामाअखेर संघ सोळाव्या स्थानी गेला. पार्ड्यू यांनी २०१५ च्या प्रारंभी क्रिस्टल पॅलेसची वाट धरली.

लेस्टर सिटीचे क्लॉडिओ रानिएरी यांची कथा अधिक चटका लावणारी आहे. मे २०१६ मध्ये त्यांनी या छोट्या क्लबला इतिहासातील पहिले लीग विजेतेपद मिळवून दिले. ऑगस्टमध्ये चार वर्षांचा करार झाला. संघ तळाच्या स्थानांकडे घसरताच फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांना हटविण्यात आले.

चषक की वाटचाल?

या सर्व निर्णयांमागे ताज्या यशाचा प्रभाव होता. याउलट लिव्हरपूलने जुलै २०१६ मध्ये युर्गन क्लॉप यांना सहा वर्षांचा करार दिला, तेव्हा त्यांच्या नावावर क्लबसाठी एकही चषक नव्हता. लीगमध्ये संघ आठवा होता आणि लीग चषक व युरोपा लीग या दोन्ही स्पर्धांचे अंतिम सामने तो हरला होता. तथापि, खेळण्याची निश्चित पद्धत रुजत असल्याचे आणि खेळाडू सुधारत असल्याचे व्यवस्थापनाला दिसत होते. २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग आणि २०२० मध्ये ३० वर्षांनी देशांतर्गत लीगचे विजेतेपद लिव्हरपूलला मिळाले.

आठव्या स्थानावरील दोन संघ, दोघांचेही करार जुलैमध्ये वाढविलेले. मात्र परिणाम पूर्णपणे भिन्न. चषक एका सामन्यात जिंकता येतो. संघाची दिशा कळण्यास संपूर्ण हंगामाचा खेळ तपासावा लागतो.

भारतातील अनुभव

क्लबांप्रमाणेच राष्ट्रीय संघांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. २०२३ मध्ये भारताने तिरंगी मालिका, आंतरखंडीय चषक आणि दक्षिण आशियाई अजिंक्यपद अशी तीन विजेतेपदे मायदेशात पटकावली. ऑक्टोबरमध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांचा करार २०२६ पर्यंत वाढविला. जानेवारी २०२४ मधील आशियाई चषकात भारताने तिन्ही सामने एकही गोल न करता गमावले. जूनमध्ये विश्वचषक पात्रता फेरीतील आव्हान संपुष्टात आल्यावर स्टिमाच यांना काढण्यात आले. वाद मिटविण्यासाठी महासंघाला ४ लाख डॉलर मोजावे लागले. खेळाच्या पायाभूत सुविधांसाठी निधीची चणचण असलेल्या देशात ही रक्कम लहान नव्हे.

निर्णयाचे निकष

या उदाहरणांवरून काही ठोकताळे मांडता येतात. नव्या कराराची योग्य वेळ म्हणजे मुदतीचे शेवटचे वर्ष सुरू होण्यापूर्वीची हंगामांमधील सुट्टी. त्या वेळी संपूर्ण हंगामाचा आढावा हाती असतो आणि अनिश्चिततेची टांगती तलवार नसते. अंतिम सामन्यातील विजयानंतरचे पहिले काही आठवडे मात्र टाळलेले बरे.

दुसरा निकष कामाचा. उपलब्ध खर्चाच्या मानाने लीगमधील स्थान, तरुण खेळाडूंची प्रगती आणि पराभवानंतर सावरण्याची क्षमता यांचे वजन चषकापेक्षा अधिक मानावे.

तिसरा निकष मुदतीचा. पेप ग्वार्दिओला यांनी बार्सिलोनात पहिल्या दोन वर्षांनंतर प्रत्येक वेळी एकाच वर्षाचा करार केला. तरीही २००८ ते २०१२ या काळात संघाने १४ चषक जिंकले. अल्प मुदत म्हणजे अविश्वास नव्हे, हे त्यावरून दिसते.

अखेरीस संचालकांनी स्वतःलाच एक प्रश्न विचारावा : पुढील हंगामातील पहिले दहा सामने वाईट गेले, तरीही हाच प्रशिक्षक हवा असेल काय? उत्तर ठाम होकारार्थी नसल्यास आहे तो करार चालू ठेवणे आणि करारनाम्यावर सही करण्यापूर्वी भरपाईची मर्यादा ठरवून घेणे, हेच क्लबच्या हिताचे ठरते.