शरीराचें अंतर्दर्शन

पुण्याहून बेंगळूरकडे जाणारा हमरस्ता सातारा सोडून कृष्णाकांठानें दक्षिणेस निघाला, म्हणजे कराडच्या अलीकडे उंब्रज लागतें. तारळी नदी येथें कृष्णेस मिळते, आणि समर्थ रामदासांनीं स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकीं एक मारुति येथें आहे. अशा गांवीं कोणाचा हात-पाय मोडला, तर पूर्वीं त्याला हाडवैद्याकडे नेत. हाडवैद्य बोटांनीं चाचपून हाड कोठें सरकलें तें ओळखी आणि कामट्या लावून बांधी. त्याच्या बोटांत अनुभव होता. परंतु त्वचेच्या आंत पाहण्याचें साधन त्याच्यापाशीं नव्हतें. तें त्या काळीं जगांत कोणापाशींच नव्हतें.

मिरजेचें उदाहरण ह्या दृष्टीनें बोलकें आहे. कानडा देशांतून आलेले डॉ. विल्यम वानलेस ह्यांनीं तेथें १८९४ सालीं मिशनचें रुग्णालय सुरू केलें. शस्त्रक्रिया होती, गुंगीचें औषध होतें. पण शस्त्र हातीं धरण्यापूर्वीं आंतल्या स्थितीची अटकळ बांधावयाची ती हाताच्या स्पर्शावरून आणि कानीं पडणाऱ्या नादावरूनच. छाती बोटांनीं ठोकून पाहण्याची रीति ऑयेनब्रुगर ह्या ऑस्ट्रियन वैद्यानें १७६१ मध्यें प्रसिद्ध केली होती. छातीस लावावयाची नळी लाएनेक ह्या फ्रेंच वैद्यानें १८१६ मध्यें काढली. तेवढ्याच भांडवलावर मोठमोठे शल्यवैद्य काम करीत.

रुग्णालय सुरू झालें त्याच्या पुढच्याच वर्षीं, ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं, जर्मनींतील वुर्त्सबुर्ग येथें प्रोफेसर राँटजेन निर्वात नळींतून वीज खेळवीत होते. नळी काळ्या कागदानें झांकलेली असतांही जवळचा लेप लावलेला पडदा चमकूं लागला. ह्या अज्ञात किरणांना त्यांनीं बीजगणितांतील अज्ञात राशीचें नांव दिलें. म्हणून मराठींत ते ‘क्ष-किरण’ झाले. २२ डिसेंबरला त्यांनीं आपल्या पत्नीच्या हाताची छाया कांचेवर उतरविली. तींत बोटांचीं हाडें आणि अंगठी स्पष्ट दिसत होती. त्या शोधाचें पेटंट त्यांनीं घेतलें नाहीं, आणि त्यामुळें तो वाऱ्यासारखा पसरला. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेंत, हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर, जखमी शिपायांच्या अंगांतील गोळ्या ह्याच किरणांनीं शोधल्या गेल्या. १९०१ सालीं पदार्थविज्ञानाचें पहिलें नोबेल पारितोषिक राँटजेन ह्यांना मिळालें.

परंतु ह्या नव्या दृष्टीची किंमतही मोजावी लागली. प्रारंभीं हे किरण निरुपद्रवी मानले जात. एडिसनचे सहकारी क्लॅरन्स डॅली स्वतःचे हात वारंवार यंत्रापुढें धरीत. त्यांच्या हातांस कर्करोग झाला आणि १९०४ सालीं त्यांचा अंत झाला. अशा हुतात्म्यांचें स्मारक १९३६ मध्यें हॅम्बुर्ग येथें उभारण्यांत आलें. आज तंत्रज्ञ यंत्र चालवितांना आडोशास जातो, तो ह्या अनुभवामुळें. भारतांत ह्या यंत्रांवर देखरेख करण्यासाठीं अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून आहे.

आज उंब्रजचा रोगी कराडला, साताऱ्याला किंवा मिरजेला तपासणीस जातो आणि बहुधा संध्याकाळीं घरीं परततो. तेथें काय घडतें हें आधीं ठाऊक असलें, तर निम्मी भीति कमी होते. क्ष-किरणचित्रास कांहीं क्षण पुरतात. दागिने काढावे लागतात, श्वास रोखण्यास सांगतात. स्त्री गरोदर असेल किंवा तसा संशय असेल, तर तिनें तें आधींच सांगितलें पाहिजे. निसर्गांतून मनुष्याला वर्षाकाठीं सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट इतका किरणोत्सर्ग मिळतोच. छातीच्या एका चित्रानें त्यांत फार तर ०.१ ची भर पडते.

सी.टी. स्कॅनची गोष्ट वेगळी. ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या ई.एम.आय. कंपनीचे एंजिनिअर हाऊन्सफील्ड ह्यांनीं तें यंत्र बनविलें आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनमध्यें पहिल्या रोग्याचा मेंदू त्यानें पाहिला. पोटाच्या अशा एका तपासणींत ८ ते १० मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळूं शकतो. तेव्हां ती अनावश्यक करूं नये आणि आवश्यक असतां टाळूंही नये. शिरेंतून रंगद्रव्य देणार असतील, तर मूत्रपिंडाचा विकार किंवा पूर्वीं औषधाची बाधा झाली असल्यास ती सांगावी.

एम.आर.आय. मध्यें क्ष-किरण नसतात. असतो तो चुंबक. १.५ टेस्लाचा चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारें ३०,००० पट प्रबळ असतो, आणि चित्र निघत नसतांही त्याची ओढ चालूच असते. जानेवारी २०१८ मध्यें मुंबईंतील एका रुग्णालयांत प्राणवायूची नळकांडी घेऊन आंत गेलेला रोग्याचा एक नातलग त्या ओढीनें खेंचला जाऊन प्राणास मुकला. म्हणून शरीरांत पेसमेकर, धातूची पट्टी किंवा डोळ्यांत लोखंडाचा कण असेल तर तो सांगणें हा केवळ उपचार नव्हे. यंत्राचा ठकठकाट मोठा असतो. त्यानें घाबरूं नये.

सोनोग्राफींत नुसता ध्वनि असतो. ग्लासगोचे इअन डोनाल्ड ह्यांनीं १९५८ मध्यें तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. रोग्याला ती सर्वांत सोपी. पण समाजाला हीच सर्वांत महाग पडली. गर्भाचें लिंग पाहून मुली नाकारल्या जाऊं लागल्या. महाराष्ट्रानें १९८८ मध्यें त्याविरुद्ध देशांतील पहिला कायदा केला, आणि १९९४ चा केंद्रीय कायदा १९९६ पासून अमलांत आला. तरीही महाराष्ट्रांत सहा वर्षांच्या आंतील दर हजार मुलग्यांमागें मुलींची संख्या १९९१ मध्यें ९४६ होती, ती २००१ मध्यें ९१३ आणि २०११ मध्यें ८९४ झाली. मुलगा कीं मुलगी हें विचारणें आणि सांगणें दोन्ही गुन्हेच आहेत.

शेवटीं रोग्याच्या हातीं एक पाकीट येतें. त्यांतील चित्र म्हणजे निदान नव्हे. ती छाया आहे, आणि ती वाचावयास जाणता मनुष्य लागतो. तज्ज्ञाचा अहवाल ज्या डॉक्टरनें तपासणी सांगितली त्याच्याकडे न्यावा, जुनीं चित्रें जपून ठेवून सोबत न्यावींत, आणि दोन प्रश्न नि:संकोच विचारावेत: ही तपासणी कशासाठीं, आणि तिच्या निकालानें उपचारांत काय फरक पडणार? पहिल्या प्रश्नाचें उत्तर मिळालें आणि दुसऱ्याचें मिळालें नाहीं, तर यंत्रापुढें जाण्यापूर्वीं आणखी एकदां विचारावें.