धुराड्यातील पोलादी नळी

इंग्लंडमधील जुन्या घरांच्या धुराड्यांना आतून चुना व गाईचे शेण यांचा गिलावा करीत. सारवलेल्या अंगणात वाढलेल्या आम्हांला याची मौज वाटते. पण काजळी खरवडण्यासाठी त्याच अरुंद पोकळीत लहान मुले चढवीत. जॉर्ज स्मार्ट यांनी लांब दांड्याच्या ब्रशाचे यंत्र १८०३ सालीच केले होते. घरमालकांना मात्र मूलच बरे वाटे! १८७५ साली केंब्रिजजवळील फुलबर्नच्या इस्पितळाच्या धुराड्यात कोवळा जॉर्ज ब्रूस्टर अडकून दगावला, तेव्हा कोठे लॉर्ड शाफ्ट्सबरींनी परिणामकारक कायदा करवून घेतला.

धुरातील आम्लाने तो गिलावा झिजतो आणि भेगांतून विषारी वायू खोल्यांत शिरतो. म्हणून आता न गंजणाऱ्या पोलादाची लवचीक नळी छपरावरून आत सोडतात. तिच्या टोकाला बांधलेला दोर खाली चुलीपाशी उभा असलेला माणूस ओढून घेतो.