१८१ अर्ज, त्यात मुली शून्य

२००६ सालच्या उन्हाळ्यात ग्नोम या प्रकल्पाकडे १८१ अर्ज आले. लिनक्सवर ज्या खिडक्या, मेनू आणि बटणं दिसतात, त्यातलं बरंच काही ग्नोमचं. गूगलने आदल्याच वर्षी ‘समर ऑफ कोड’ सुरू केलं होतं. विद्यार्थ्यांनी सुट्टीत ओपन सोर्स प्रकल्पासाठी कोड लिहायचा, पैसे गूगल देणार. त्या १८१ अर्जांत एकाही मुलीचा अर्ज नव्हता.

गंमत म्हणजे ग्नोमचं दार कुठेच बंद नव्हतं. कोड खुला, बगांची यादी खुली. नवख्यांना जमतील अशा बगांवर ‘ग्नोम-लव्ह’ अशी खूणसुद्धा असायची. ‘मुलींना यात रसच नसतो’ असं म्हणून विषय संपवता आला असता. तसं न करता त्याच उन्हाळ्यात फक्त मुलींसाठी मोजक्या जागा जाहीर झाल्या, आणि शंभराच्या आसपास अर्ज आले! प्रकल्प तोच, काम तेच. फक्त या वेळी कुणीतरी ‘तुम्ही या’ असं स्पष्ट म्हटलं होतं.

मग उपक्रम थंडावला. २०१० मध्ये तो पुन्हा उभा केला मरीना झुराखिन्स्काया यांनी. त्या रेड हॅटमध्ये ग्नोमवरच काम करत होत्या. या वेळी एक अट होती, आणि माझ्या मते सगळी कमाल त्या अटीत आहे: अर्ज करण्याआधी त्या प्रकल्पात एक छोटं योगदान द्यायचं. मदतीला मेंटर, तेही नावानिशी.

वरवर ही अट जाचक वाटते. पण पहिल्या योगदानात नेमकं काय अडतं ते बघा. बटणावरचा चुकीचा शब्द बदलायला एक ओळ पुरते. त्याआधी अख्खा प्रकल्प आपल्या लॅपटॉपवर उतरवून चालता करावा लागतो, आणि त्यात दोन दिवस सहज जातात. कुठलीतरी लायब्ररी सापडत नाही, एरर कळत नाही. प्रोग्रॅमिंग येत असतं, पण हे विचारायचं कुणाला? आणि विचारलं तर लोक हसतील का? बहुतेक जण इथेच लॅपटॉप मिटतात. मेंटरचं नाव माहीत असलं की हा प्रश्न निम्मा सुटतो. मग पॅच पाठवायचा, ‘हे बदल’ असं उत्तर येतं, बदलून पुन्हा पाठवायचा. एवढं एकदा झालं की दुसऱ्या वेळी भीती उरत नाही.

पुढे इतर प्रकल्प आले. २०१३ मध्ये लिनक्स कर्नलही आलं, जिथे पॅच आजही ईमेलने जातात. २०१५ मध्ये उपक्रमाचं नाव ‘आउटरीची’ झालं.

दरम्यान दुसरी वाटही निघाली. २०१४ पासून डिजिटलओशन ही कंपनी दर ऑक्टोबरात ‘हॅक्टोबरफेस्ट’ भरवू लागली. गिटहबवर ठरावीक पुल रिक्वेस्ट करा, टी-शर्ट मिळवा. २०२० मध्ये चार लागायच्या. पुल रिक्वेस्ट कशी करायची ते दाखवणारा एक भारतीय यूट्यूब व्हिडिओ गाजला आणि जगभरच्या प्रकल्पांवर रीडमीमध्ये ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ छापाचे शब्द घुसडणाऱ्या रिक्वेस्टचा पाऊस पडला. फुकट राबणारे मेंटेनर त्या बंद करत बसले. ३ ऑक्टोबरला नियम बदलला: ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिला असेल, तिथलंच योगदान मोजलं जाईल.

त्या पोरांची खूप टिंगल झाली, आपल्याकडेही. मला ती पटली नाही. त्यांना बटण कुठलं दाबायचं ते कळलं होतं. पलीकडे माणूस बसलाय हे कुणी सांगितलंच नव्हतं. टी-शर्टसाठी आकडा पुरे होता, ओळखीची गरज नव्हती.

मरीना २०२२ मध्ये गेल्या. आउटरीचीची अट अजून तशीच आहे. प्राथमिक छाननीतून निवडलेले अर्जदार काही आठवडे आपल्या आवडत्या प्रकल्पात छोटी-मोठी कामं करतात. त्यातल्या थोड्यांचीच निवड होते. पण या आठवड्यांत मेंटर मात्र सगळ्यांच्याच प्रश्नांना उत्तरं देत असतात.