राखण

आमचं गाव निफाड तालुक्यातलं, गोदाकाठचं. गावठाणात घरं थोडी, मळ्यातल्या वस्त्याच जास्त. रात्री एका वस्तीवरून हाक दिली, तर दुसऱ्या वस्तीवरचं कुत्रं आधी ओ देतं. अशा गावाची राखण कशी व्हायची, हे मी लहानपणी जागल्याबाबांकडून ऐकलं.

जागल्याबाबा भिल्ल समाजाचे, माझे आजोबा गावचे पाटील. दोन्ही कामं बापाकडून मुलाकडे येणारी. जागल्यानं रात्री गावाभोवती फिरायचं, नवखा माणूस दिसला तर पाटलाच्या कानावर घालायचं, चोरी झाली तर माग काढायचा. त्याबदल्यात सुगीला खळ्यावरून धान्य मिळायचं. पेशवाई बुडाल्यावर एलफिन्स्टननं १८१९ साली इथल्या कारभाराचा अहवाल लिहिला, त्यातही ही रीत आहे. माग शिवेपर्यंत नेला, की तो शेजारगावच्या जागल्याच्या हवाली करायचा. पुढची जबाबदारी त्या गावाची.

जागल्याबाबा मातीत उमटलेल्या पायावर टोपलं पालथं घालून ठेवायचे. एकदा मला म्हणाले, "ह्यो तुझा पाय. डावा घासत चालतोस तू." मी खाली वाकून बघितलं, तर खरंच!

"बाबा, चोर सापडला की मारायचा का?" मी विचारलं.

"मारनारा मी कोन? माग शिवेपोत आपला. फुडं त्याचा तो."

एवढी राखण करूनही गावात चोरी झाली, की पहिला संशय त्यांच्याच वस्तीवर जायचा. ते पुढं होऊन माग काढायचे आणि तो दुसरीकडे गेला, की गप घरी यायचे. त्यांना कुणी काही बोलल्याबद्दल माफी मागितलेली मी पाहिली नाही. आमच्या घरानंही नाही.

१९५८च्या कायद्यानं गावकामगारांची कनिष्ठ वतनं गेली, १९६२च्या कायद्यानं पाटीलकी गेली. मग १९६७चा महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम आला. आता पोलीस पाटील जन्मानं होत नाही, प्रांतसाहेब नेमतात. गावात काय चाललंय ते ठाण्याला कळवणं, गुन्हा घडण्याआधी आडवं येणं हे त्याचं काम. २००७च्या १५ ऑगस्टपासून तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा बांधाची भांडणं देवळासमोर मिटू लागली. विहिरीवरच्या मोटारी, केबली चोरीला जाऊ लागल्या, तसं ग्रामसुरक्षा दलही उभं राहिलं. दहा-बारा जण, हातात बॅटरी, काठी, गळ्यात शिट्टी. मीही त्यात होतो.

२०१८चा जून संपत आला होता. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज मोबाईलवर सारखे येत होते. त्या संध्याकाळी आलेला एक मीही चार ग्रुपवर पुढं ढकलला. खरा की खोटा, विचारलं नाही.

रात्री अकराच्या सुमारास मळ्याकडून शिट्टी वाजली. आम्ही पळालो. सुया, पोत, बिब्बे विकणारं एक जोडपं शेवटची एसटी चुकल्यानं रस्त्यानं पायी चाललं होतं. बाईच्या कडेवरचं पोर रडत होतं. तेवढंच पुरलं. बघता बघता साठ-सत्तर माणसं जमली. कुणीतरी त्या माणसाच्या थोबाडीत दिली. माझीही काठी वर गेली होती, हे मी इथं लिहून ठेवतो.

तेवढ्यात आमच्या पोलीस पाटील आल्या. गावच्या सूनबाई, आम्ही ताई म्हणतो. त्या ओरडल्या नाहीत. बॅटरी पोरावर धरून म्हणाल्या, "लेकरू कुणाला चिकटलंय, बघा की जरा."

पोरानं त्या बाईच्या गळ्याला घट्ट मिठी घातली होती. दोन्ही मुठींत आईचा पदर.

तरी मागून आवाज आला, "ताई, तुम्ही मधी पडू नका."

ताईंनी पिशवीतून वही काढली. "बरं. ज्याला मारायचंय त्यानं पुढं या, नाव सांगा. लिहून घेते आणि गाडी आली की वही देते." त्यांनी ठाण्यात फोन आधीच केला होता. पुढं कुणी आलं नाही. त्यांनी त्या तिघांना आपल्या घरात नेलं, दाराला आतून कडी लावायला सांगितली आणि स्वतः उंबऱ्यावर बसल्या. तासाभरानं गाडी आली.

चार-पाच दिवसांनी, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथं अशाच अफवेवरून जमावानं पाच जणांना ठार मारलं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते ते, भिक्षेसाठी फिरणारे. आठवडे बाजाराचा दिवस होता. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. बातमी वाचताना माझा हात थरथरत होता. खोली तिथंही होती, दार तिथंही होतं.

दुसऱ्या दिवशी मी ताईंकडे गेलो. म्हटलं, "त्या रात्री माझं नाव लिहिलं असतंत?"

"पहिलं तुमचंच लिहिलं असतं, काका. पाटलांच्या घरचे तुम्ही."

मी अजूनही राखणीला जातो. बॅटरी घेतो, शिट्टी घेतो. काठी मात्र घरी दाराआड ठेवतो.