तांब्याच्या पत्र्यावरील नाव

अंबरनाथच्या शिवमंदिरापुढे उभे राहिले की आमची नजर दगडातील कोरीव कामावर खिळून राहते. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०चा तेथील शिलालेख शिलाहार राजा मम्वाणीचे नाव सांगतो. छिन्नी चालविणारे शेकडो हात मात्र आपल्याला अनोळखीच राहिले आहेत. त्या हातांचा विचार करताना आम्हांला सोळाव्या शतकातील इटलीची एक कारागीर स्त्री आठवते. तिने आपले नाव पुसले जाऊ दिले नाही.

त्या काळी युरोपात तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरून त्यांचे छाप काढीत. पत्रा घासून आरशासारखा करायचा, टोकदार कोरणीने रेघ उमटवायची, रेघांत शाई भरून बाकीचा पत्रा पुसून घ्यायचा आणि ओलसर कागद ठेवून तो रुळांच्या दाबयंत्रातून काढायचा. छाप उलटा उमटतो. म्हणून अक्षरेसुद्धा उलटी कोरावी लागत. अशा छापांमुळेच थोर कलावंतांची पवित्र चित्रे सामान्यांच्या घरी पोहोचली.

ही विद्या मुलींनी शिकावी कोठे? परक्या उस्तादाकडे उमेदवारी करण्याची वाट त्यांना बहुधा बंद होती. उरली ती घरची कर्मशाळा. मांतुआ नगरातील जोव्हान्नी बात्तिस्ता स्कुल्तोरी हा शिल्पकार आणि कोरणीकार. त्याचा पुत्र अदामो आणि कन्या दियाना, दोघेही बापाच्या हाताखाली तयार झाली. १५६६ साली कलाचरित्रकार वासारी मांतुआस आला, तेव्हा दियानाचे काम पाहून तो थक्क झाला. १५६८च्या आपल्या ग्रंथात त्याने तिचा गौरवाने उल्लेख केला.

पुढे वास्तुशिल्पी फ्रान्चेस्को दा व्होल्तेर्रा याच्याशी विवाह करून ती रोमला आली. १५७५ हे ज्युबिली वर्ष. यात्रेकरूंनी रोम गजबजलेले. त्याच वर्षीच्या ५ जून रोजी पोप ग्रेगरी तेरावे यांनी तिला स्वतःची चित्रे छापण्याचा व विकण्याचा अधिकार दिला. त्या वर्षीच्या तिच्या एका मोठ्या चित्राचा विषय होता, प्रभू येशू आणि व्यभिचाराच्या आरोपाखाली आणलेली स्त्री. मूळ रेखाटन दुसऱ्याचे असले, तरी छापावर दियानाचे नाव स्पष्ट कोरलेले आहे.

असे भाग्य थोड्याच स्त्रियांना लाभले. अँटवर्पमध्ये हिएरोनिमस कॉक १५७० साली वारला. त्यानंतर त्याची विधवा फोल्क्सकेन दिरिक्स हिने त्याचे प्रसिद्ध छापचित्रगृह १६००पर्यंत, तब्बल तीस वर्षे सांभाळले. तरीही लोक ओळखतात ते पतीलाच.

हे छाप आपल्या देशापासून दूर राहिले नाहीत. १५८० साली गोव्याहून निघालेले येशूसंघीय धर्मगुरू अकबराच्या दरबारी पोहोचले. त्यांनी बादशहाला अँटवर्पला छापलेले बायबल भेट दिले; त्यात कोरीव चित्रे होती. अशा चित्रांवरून मोगल चित्रकार नकला करू लागले. त्यांत स्त्रियाही होत्या. नादिरा बानूने आपल्या चित्रावर स्वतःच्या नावासोबत मीर तकीची कन्या आणि आका रिझाची शिष्या अशी ओळख दिली आहे. संत सिसिलियेच्या हौतात्म्याचे चित्र, अँटवर्पच्या वीरिक्स याच्या छापावरून काढलेले, नीनी नावाच्या चित्रकर्तीचे मानले जाते. दियानाने कोरणी धरली आणि या दोघींनी कुंचला. पण बापाच्या वा गुरूच्या छत्राखाली शिकून स्वतःचे नाव कागदावर ठेवण्याची जिद्द एकच.

वाचकहो, आपल्या घरांतूनही असे काम झाले आहे. वेदीवरील वस्त्रांची नक्षी, नाताळच्या गोठ्याची सजावट, धंद्याचा हिशेब यांमागे आई, काकी, आजी यांचे हात असतात. स्मरणिकेत नाव छापले जाते ते कर्त्या पुरुषाचे. अंबरनाथच्या कारागिरांची नावे आता विचारणार कोणाला? परंतु आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया अजून सांगू शकतात. कोणते काम कोणी केले, हे आपण त्यांच्याजवळ बसून आजच लिहून घेऊ या.