सुबिकच्या फाटकावरचा पहारा

१५ जून १९९१. भर दुपार आहे, पण तुम्हाला स्वतःचा हातही धड दिसत नाही. फिलिपिन्समधल्या ओलोंगापो शहरात तुम्ही उभे आहात. उत्तरेला पिनाटुबो ज्वालामुखी फुटलाय आणि नेमकं आजच चक्रीवादळही येऊन धडकलंय. आभाळातून चिखल पडतोय. ओल्या राखेच्या भारानं एकेक छप्पर खचतंय. शेजारी सुबिकचा अमेरिकी नौदल तळ, तोही राखेखाली गेलाय.

तीन महिन्यांनी, १६ सप्टेंबरला, मनिलाच्या सिनेटनं तळाचा नवा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला. राजधानीत जल्लोष झाला. ओलोंगापोत मात्र ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न: आता खायचं काय? गोदीतले वेल्डर, शिंपी, धोबिणी, मॅगसायसाय रस्त्यावरच्या बारमध्ये राबणाऱ्या मुली, सगळ्यांची चूल याच तळावर पेटायची. त्यांना देशप्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये.

२४ नोव्हेंबर १९९२ ला या. इथे जरा थांबा. शेवटचे सुमारे चौदाशे खलाशी आणि मरीन आज निघालेत. काही विमानानं, बाकीचे 'बेलो वूड' या युद्धनौकेवरून. अमेरिकी झेंडा उतरला. फिलिपिन्सचा वर चढताना तुमच्या शेजारचा वेल्डर गातोय आणि रडतोयही. नौदलानं तरंगत्या गोद्या केव्हाच ओढून नेल्या आहेत. त्या गोद्यांवरच त्याची हयात गेली होती.

"आज रात्री पहाऱ्याला तुम्हीही थांबा," तो म्हणतो. "माणसं कमी पडतायत."

पगार नाही. तरी सुमारे आठ हजार स्वयंसेवक उभे राहिलेत. तळ राहावा म्हणून झगडलेले महापौर रिचर्ड गॉर्डन आता मुक्त बंदराच्या प्राधिकरणाचे प्रमुख आहेत. तळाचं मुक्त बंदर करायचा कायदा मार्चमध्येच झालाय. क्लार्क या दुसऱ्या अमेरिकी तळाचं, हवाई तळाचं, काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय: वर्षभरापूर्वी तो ताब्यात आला आणि दारं, खिडक्या, तारांसकट लुटला गेला. इथे तसं होऊ द्यायचं नाही. तुम्ही काळोखात रिकाम्या घरांच्या रांगेतून फिरता. नळ, दिवे, वीजघर, इंधनाच्या टाक्या, सगळं जागच्या जागी आहे. कारखानदार यायचे तर ते हेच पाहून येणार, एवढं त्या वेल्डरला पक्कं कळतं. उद्या कामं निघाली की आपलीही वर्णी लागेल, ही आशा आहेच. ती का नसावी? माझ्या मते सुबिकचं पुनर्वसन कुठल्याही गुंतवणुकीच्या आधी या बिनपगारी पाळ्यांमध्ये सुरू झालं.

१९९५ च्या एका रात्री तळाच्याच क्यूबी पॉइंट धावपट्टीवर फेडेक्सची विमानं उतरताना दिसतात. आशियाभरची पार्सलं इथे निवडली जातायत. पुढच्या वर्षी आशिया-पॅसिफिक देशांच्या एपेक परिषदेसाठी राष्ट्रप्रमुख याच तळावर येतात. (२००९ मध्ये फेडेक्स ग्वांगझूला गेलं. एकाच बड्या पाहुण्यावर विसंबायची सवय शहराला पुन्हा महागात पडली.)

तळानं कुंपणात ठेवल्यामुळे मागचं जंगल मात्र वाचलं. तिथले आएता आदिवासी एकेकाळी अमेरिकी सैनिकांना रानात तग धरायला शिकवायचे. आता तेच पर्यटकांना बांबूत भात शिजवून दाखवतात. ही जमीन नौदलाच्याही आधी त्यांची. तळ कुणाला परत द्यायचा याचा हिशेब त्यांच्यापासून सुरू व्हायला हवा होता.

आणि जमिनीखालचं? जहाजदुरुस्तीच्या आवारात ॲस्बेस्टॉस, तेल आणि जड धातू मागे राहिले. तळांबाबतच्या १९४७ च्या करारानुसार जागा पूर्ववत करून देण्याचं बंधन अमेरिकेवर नव्हतंच. म्हणून परतताना एकदा १९९२ मध्ये उतरा. त्या युद्धनौकेचे दोर सुटण्याआधी धक्क्यालगतच्या मातीचे नमुने घ्या, कुठल्या टाकीत काय होतं याचे कागद मागून घ्या. वेल्डरच्या मुलांना इथेच काम करायचं आहे.