धुक्यासाठी जन्मलेला दिवा : कात्रज ते शिरवळ, प्रकाशाच्या वापराचा आणि गैरवापराचा इतिहास

#धागा

५ एप्रिल १६६३ ची रात्र. लाल महालात शाहिस्तेखानावर छापा घालून शिवाजी महाराज बाहेर पडले. पुढची कथा महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला पाठ असते : कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून पेटवले गेले, मोगली फौज त्या उजेडामागे धावली आणि महाराज सिंहगडाकडे निसटले. ही कथा मुख्यतः परंपरेने चालत आलेली आहे. पण तिच्यातील एक निरीक्षण मात्र अचूक आहे. अंधाऱ्या घाटात दूरवर दिसणाऱ्या दिव्यामागे कोण आहे, किती अंतरावर आहे आणि किती वेगाने येत आहे, हे मानवी डोळ्याला नीट सांगता येत नाही.

त्याच कात्रजवरून आज मुंबई-बंगळूर महामार्ग दक्षिणेला उतरतो, कापूरहोळ, सारोळा मागे टाकतो, नीरा ओलांडतो आणि सातारा जिल्ह्याच्या उंबरठ्यावर शिरवळला पोहोचतो. इतिहासप्रेमींना हे गाव सुभानमंगळ या नीरेकाठच्या भुईकोटामुळे ठाऊक असते. १६४८ साली फत्तेखानाच्या स्वारीत या कोटासाठी झालेली झुंज प्रसिद्ध आहे. कोटाचे आता जेमतेम अवशेष उरले आहेत. येथील रात्र मात्र पूर्वीपेक्षा कितीतरी उजळ झाली आहे, आणि या उजेडाचाच एक स्वतंत्र इतिहास आहे.

मोटार येण्यापूर्वी या वाटेवर बैलगाडी चालत असे. तिच्या आसाखाली एक कंदील लोंबत असे. त्या कंदिलाने रस्ता फारसा दिसत नसे; तो गाडीवानासाठी नव्हताच. बैलांना वाट ठाऊक असे, गाडीवान पुष्कळदा झोपलेलाही असे. कंदील होता तो समोरून किंवा मागून येणाऱ्याला गाडी दिसावी म्हणून. दिव्याची दोन कामे असतात, स्वतःला दिसणे आणि दुसऱ्याला आपण दिसणे. यांतील फरक जुन्या गाडीवानाला शिकवावा लागत नसे. मोटारीच्या दिव्याची पुढची सारी भांडणे या दोन कामांची सरमिसळ झाल्यामुळे निर्माण झाली.

आरंभीच्या मोटारींना ॲसिटिलीनचे दिवे असत. कार्बाइडवर पाणी ठिबकायचे, त्यातून वायू निघायचा आणि तो जळायचा. १९१२ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीने विजेवर चालणारा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र आणले, तेव्हापासून विजेचा दिवा झपाट्याने रूढ झाला. पण तेजाबरोबर तिरीपही आली. समोरच्या चालकाचे डोळे दिपू लागले. १९२० च्या दशकाच्या मध्यास एकाच बल्बमध्ये दोन तारा बसवण्याची युक्ती बाजारात आली : एक तार दूरवर प्रकाश फेकणारी, दुसरी तो खाली झुकवणारी. आपल्याकडे त्या दुसऱ्या झोताला ‘डिपर’ म्हणतात, आणि मालमोटारींच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’च्या शेजारी ‘यूज डिपर ॲट नाइट’ ही विनंती पिढ्यान्‌पिढ्या रंगवली गेली. रस्त्यावरील सौजन्याचे नियम इतक्या ठळक अक्षरांत आणि इतक्या दुर्लक्षित अवस्थेत क्वचितच कोठे लिहिले गेले असतील.

धुक्याने या दोन्ही झोतांना हरवले. धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब. समोरचा प्रखर झोत या थेंबांवर आदळतो आणि त्याचा मोठा भाग उलटून चालकाच्याच डोळ्यांत येतो. त्यामुळे हेडलाइट जितका प्रखर, तितकी समोरची पांढरी भिंत जाड होते. १९३० च्या दशकात युरोपात यावर जो उपाय रूढ झाला तो बुद्धीचा होता, शक्तीचा नव्हता. दिवा बंपरजवळ, जमिनीलगत बसवायचा. झोत आडवा, रुंद आणि आखूड ठेवायचा. त्याची वरची कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ ठेवायची. प्रकाश चालकाच्या नजरेच्या रेषेत न येता तिच्या खालून सरकतो आणि रस्त्याची कड, पांढरा पट्टा, मैलाचा दगड तेवढा दाखवतो. हाच फॉग लाइट. पुढे आंतरराष्ट्रीय नियमांनी त्याची जागाही बांधून दिली : मोटारीत तो जमिनीपासून ८०० मिलिमीटरहून उंच नसावा. याचा अर्थ असा की हा मुळातच मंद चालणाऱ्याचा दिवा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर कापते. त्या वेगाला फॉग लाइटचा आखूड झोत पुरणारच नाही.

येथे पिवळ्या रंगाचा प्रश्न येतो. फॉग लाइट पिवळा असतो, कारण पिवळा प्रकाश धुके भेदून जातो, हे विधान घाटातल्या चहाच्या टपरीपासून महाविद्यालयापर्यंत सर्वत्र ऐकू येते. कारण म्हणून निळ्या आकाशाचा दाखला दिला जातो : निळा प्रकाश अधिक विखुरतो, पिवळा कमी. आकाशाबाबत ते खरे आहे, कारण हवेचे रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा अत्यंत लहान असतात. धुक्याचे थेंब मात्र त्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे असतात आणि ते सर्व रंगांना जवळजवळ सारखेच विखुरतात. धुके पांढरे दिसते ते याचमुळे. पिवळ्या काचेचा लाभ असलाच तर तो डोळ्यापुरता : निळा अंश गाळला गेला की तिरीप काहीशी सौम्य वाटते. फ्रान्सने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोटारींचे हेडलाइटही पिवळेच असावेत असा नियम केला आणि तो १९९३ पर्यंत पाळला. युद्धात आपल्या मोटारी ओळखू याव्यात म्हणून तो केला, ही आख्यायिका आजही सांगितली जाते. नियमाचे सांगितलेले कारण मात्र तिरीप कमी करणे हेच होते.

भारतात दिव्याचा इतिहास काळ्या रंगानेही लिहिला गेला. दुसऱ्या महायुद्धात, आणि नंतर १९६५ व १९७१ च्या युद्धांत, ब्लॅकआउटच्या रात्री मोटारींच्या हेडलाइटचा वरचा भाग काळा रंगवला जाई. शत्रूच्या विमानाला उजेड दिसू नये हा हेतू. शांततेच्या काळात हाच काळा रंग दुसऱ्या कारणाने टिकला : हेडलाइटच्या काचेवर काळा ठिपका किंवा पट्टी लावण्याचा आग्रह अनेक शहरांतील वाहतूक पोलीस धरीत, समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. ॲम्बेसेडर आणि फियाटच्या पिढीने ते ठिपके पाहिले आहेत. उपाय ओबडधोबड होता, पण त्यामागील जाणीव शाबूत होती.

ती जाणीव पुढे विरळ झाली, आणि त्यात मोटारींच्या बाजाराचा वाटा मोठा आहे. एकाच मोटारीच्या स्वस्त श्रेणीत बंपरमध्ये फॉग लाइटच्या जागी काळे प्लास्टिकचे झाकण आणि महाग श्रेणीत खरा दिवा, अशी विभागणी रूढ झाली. दिवा सुरक्षेचा न राहता ऐपतीचा पुरावा बनला. ऐपत धुके येण्याची वाट पाहत नाही. म्हणून चैत्राच्या निरभ्र रात्रीही तो जळत राहिला. त्यातून चालकाचा काहीच फायदा होत नाही, उलट तोटा होतो : गाडीच्या नाकापुढचा रस्ता लख्ख उजळला की डोळ्याची बाहुली आकसते आणि दूरचा अंधार अधिक गडद होतो. पावसात तर ओला डांबरी रस्ता आरशासारखा होतो आणि खाली झुकवलेला झोतही परावर्तित होऊन समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. काही मोटारींना मागे असणारा लाल फॉग लाइट याहून त्रासदायक. त्याचे तेज ब्रेकच्या दिव्याच्या तोडीचे असते. म्हणूनच युरोपीय नियमांनी या दोन दिव्यांत किमान १०० मिलिमीटर अंतर ठेवायला लावले. स्वच्छ हवेत तो चालू ठेवला की मागच्या चालकाला ब्रेक लागला की नाही हेच उमगत नाही.

शिरवळच्या परिसरात खरे धुके दोन प्रकारचे. एक हिवाळी पहाटेचे : निरभ्र रात्री जमीन थंड होते आणि नीरेच्या खोऱ्यातील, वीर धरणाच्या पाण्यालगतची ओलसर हवा गोठल्यागत खाली साचते. सूर्य वर आला की ते विरते. दुसरे पावसाळ्यातले. ते वस्तुतः धुके नसून खंबाटकीच्या डोंगरावर टेकलेला ढग असतो आणि तो दिवसभरही मुक्काम ठोकतो. हवामानशास्त्राच्या मोजणीत दृश्यमानता १००० मीटरच्या खाली गेली की धुके म्हणतात आणि २०० मीटरच्या खाली गेली की दाट धुके. फॉग लाइटची गरज या दुसऱ्या मर्यादेच्याही बऱ्याच आत सुरू होते. अशा हवेत चारही इंडिकेटर लुकलुकवत धावणाऱ्या मोटारी हा आणखी एक स्थानिक शोध. वळताना ती मोटार कोणत्या बाजूला वळणार हे मग कोणालाच कळत नाही.

कायदा याबाबत मुका नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६ वा नियम सांगतो की पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली झुकलेला असावा, इतका की दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि १.५ मीटर उंचीवर असलेला डोळा दिपणार नाही. १११ व्या नियमाने परिवहन वाहनांच्या पुढे स्पॉटलाइट व सर्चलाइट लावण्यास अपवादात्मक परिस्थिती वगळता मनाई केली आहे. टपावर लावलेल्या एलईडी पट्ट्यांच्या काळात ही कलमे वाचताना थोडे हसू येते.

त्या १.५ मीटर उंचीचा विचार केला पाहिजे. मोटारसायकलवर बसलेल्या माणसाचा डोळा साधारण याच पातळीवर असतो. शिरवळ-खंडाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यात रात्रपाळी सुटते तेव्हा सेवा रस्त्याने घरी निघालेले कामगार बहुतांशी दुचाकीवरच असतात. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो, तोही दुसऱ्यांना ती दिसावी म्हणून. आसाखालच्या कंदिलाचाच तो वारस. समोरून चार पांढरे झोत आले की तो वारस त्यांच्यात हरवतो, आणि दिपलेल्या डोळ्याला अंधार पुन्हा दिसू लागेपर्यंत काही सेकंद निघून जातात.

खंबाटकीत पुण्याकडून साताऱ्याला जाणारी वाहने घाट चढतात आणि साताऱ्याहून येणारी बोगद्यातून, त्यापुढील कुप्रसिद्ध ‘एस’ वळणावरून उतरतात. हे वळण टाळण्यासाठी सहा पदरी दुहेरी बोगद्याचे काम हाती घेण्यात आले. तो पूर्ण वापरात आला की घाटमाथ्यावरचा ढग बहुतेक प्रवाशांच्या वाटेतून बाजूला होईल, आणि या रस्त्यावर फॉग लाइटची खरी गरज उरेल ती नीरेकाठच्या मोजक्या हिवाळी पहाटांपुरती.